कंकाचें मौन

कै. कृष्णाजी प्रभाकर खाडिलकर यांचें ‘कीचकवध’ हें नाटक १९०७ सालीं रंगभूमीवर आलें आणि १९१० सालीं सरकारनें त्यावर बंदी घातली, एवढें मराठी वाङ्मयाच्या कोणत्याहि अभ्यासकास ठाऊक असतें. कीचक म्हणजे लॉर्ड कर्झन, सैरंध्री म्हणजे पराधीन हिंदभूमि, कंकभट म्हणजे मवाळ पक्ष व बल्लव म्हणजे जहाल पक्ष, हें समीकरण त्या काळच्या प्रेक्षकांस कोणी समजावून सांगावें लागलें नाहीं. इंग्रज वाचकांस तें समजावून देण्याचें काम चिरोलसाहेबांनीं १९१० सालच्या आपल्या ग्रंथांत केलें. तेव्हांपासून या नाटकावर जें लिहिलें गेलें तें बहुतेक या समीकरणाभोंवतींच फिरत राहिलें. त्यांत गैर कांहीं नाहीं. नाटककाराच्या मनांतहि तेंच होतें. परंतु रूपकाचा अर्थ एकदां हातीं लागला कीं मूळ गोष्टीकडे पुनः ढुंकून पाहावयाचें नाहीं, ही आपल्या टीकेची जुनी खोड आहे, आणि या नाटकाच्या बाबतींत ती विशेष नडली आहे असें आम्हांस वाटतें. कर्झन गेले, मवाळ गेले, जहालहि गेले. सैरंध्री मात्र होती तेथेंच आहे: परक्या घरीं चाकरीस राहिलेली, आणि धन्याच्या मेहुण्याच्या नजरेपासून जिची सुटका नाहीं अशी एक बाई.

हें नाटक व त्याच्या मुळाशीं असलेलें विराटपर्व पुनः वाचण्याचा प्रसंग आला तो हर्णे येथील एका स्नेह्यांमुळें. हर्णे हें दापोली तालुक्यांतील बंदर. समोर समुद्रांत सुवर्णदुर्ग उभा, आणि किनाऱ्यावर मासळीचा लिलाव. होड्यांतून उतरलेली मासळी बैलगाडीनें वाळूवर यावयाची आणि टोपल्यांभोंवतीं बोली चालावयाची, असें तें गांव. आमचे स्नेही तेथील एका लहानशा कचेरींत हिशेब लिहितात. कचेरीचें नांव सांगण्याचें कारण नाहीं. त्यांच्याच बरोबरीचा एक जण नव्यानें लागलेल्या एका मुलीला कामाचें निमित्त काढून दप्तराच्या खोलींत बोलावतो, तिच्या पोषाखावर बोलतो, वाट अडवून उभा राहतो. हें स्नेह्यांनीं डोळ्यांनीं पाहिलें आहे. रात्रीं तिच्या मोबाइलवर तो नको ते निरोप धाडतो, असेंहि त्यांच्या कानावर आहे. मुलगी कोणापाशीं कांहीं बोललेली नाहीं. “अहो, वरिष्ठांस कळवावें कीं न कळवावें?” असा त्यांचा पहिला प्रश्न, आणि “तुम्ही एवढीं पुस्तकें वाचतां, तर याविषयीं आपल्या वाङ्मयांत कोणीं कांहीं लिहून ठेवलें आहे काय?” हा दुसरा. पहिल्या प्रश्नाचें उत्तर देण्याचा अधिकार टीकाकारास नाहीं. दुसऱ्याचें देणें हें त्याचें कामच आहे, आणि तें देतां देतां पहिल्याचा थोडा उलगडा झाला तर कोणाची हरकत नसावी.

विराटपर्व हें वेषांतराचें पर्व म्हणून प्रसिद्ध आहे. तें चाकरीचेंहि पर्व आहे, इकडे फारसें लक्ष जात नाहीं. पांच भाऊ व त्यांची पत्नी अशीं सहा माणसें एकेक करून राजाच्या दारीं येतात, आपणांस काय काम येतें तें सांगतात आणि नोकरीस लागतात. कंक द्यूत खेळावयास, बल्लव पाकशाळेंत, बृहन्नडा राजकन्येस नृत्य शिकवावयास, ग्रंथिक अश्वशाळेंत, तंतिपाल गाईंकडे, आणि सैरंध्री राणीच्या वेणीफणीस. तिनें आधींच सांगून ठेवलें आहे कीं, आपण कोणाचें उष्टें खाणार नाहीं व कोणाचे पाय धुणार नाहीं. हल्लींच्या भाषेंत बोलावयाचें तर या तिच्या नेमणुकीच्या अटी. दहा महिने सुरळीत जातात. मग राणीचा भाऊ व राज्याचा सेनापति कीचक तिला पाहतो.

पुढें जें घडतें त्यांत महाभारतकाराची दृष्टि किती बारीक आहे, हें सावकाश पाहण्यासारखें आहे. सैरंध्रीनें झिडकारल्यावर कीचक बहिणीकडे जातो, आणि सुदेष्णा मद्य आणण्याच्या निमित्तानें सैरंध्रीला त्याच्या घरीं पाठविण्याचें ठरविते. सैरंध्री जाण्यास नकार देते. तो किती निर्लज्ज आहे हें तुम्हांस ठाऊक आहे, तुमच्याजवळ दुसऱ्या पुष्कळ दासी आहेत, दुसरीला पाठवा, तो माझा अपमान करील, असें ती स्पष्ट सांगते. ही तिची पहिली तक्रार, आणि ती योग्य ठिकाणीं, योग्य वेळीं, घडण्यापूर्वीं केलेली आहे. सुदेष्णेचें उत्तर असें कीं, मी पाठवीत आहें म्हटल्यावर तो तुला त्रास देणार नाहीं. आणि ती तिच्या हातांत झांकलेलें सोन्याचें भांडें देते. ज्यानें कोणत्याहि कचेरींत चार वर्षें काढलीं आहेत त्याला हें उत्तर ओळखीचें वाटेल. ‘तो तसा नाहीं, बोलण्याची पद्धतच आहे त्याची, तूं जा, मी आहें ना!’ भांडें मात्र हातांत येतेंच.

नंतरचा सभेंतला प्रसंग हा या कथेचा खरा गाभा होय. कीचकाच्या हातून सुटून सैरंध्री धांवत राजसभेंत येते; तो मागून येऊन तिचे केंस धरतो आणि राजाच्या डोळ्यांदेखत तिला लाथ मारतो. सभेंत विराट आहे, सभासद आहेत, कंक आहे, बल्लव आहे. ती राजाला व सभासदांना त्यांचा धर्म विचारते. त्यावर विराट म्हणतो कीं, तुमचें भांडण माझ्या पाठीमागें झालें, खरें काय तें कळल्यावांचून मी निवाडा कसा करूं?

हा राजा भित्रा आहे व मत्स्यदेशाची सारी सेना कीचकाच्या मुठींत आहे, हें उघड आहे. तथापि त्याचें वाक्य नुसतें वाक्य म्हणून पाहिलें तर चुकीचें नाहीं. निवाडा करणाऱ्यानें न पाहिलेल्या गोष्टीविषयीं विचारलेंच पाहिजे. लबाडी आहे ती दुसरीकडे: लाथ त्यानें पाहिली होती, तिचें त्यानें ‘भांडण’ केलें, आणि दोघांचें मिळून केलें. पण क्षणभर त्याला प्रामाणिक धरा. त्या सभेला त्या क्षणीं काय हवें होतें? कीचकाशीं लढणारा नको होता. राजाला धर्म शिकविणाराहि नको होता. ‘महाराज, मीं पाहिलें’ एवढे तीन शब्द म्हणणारा एक मनुष्य हवा होता. सुदेष्णा आदल्या घडामोडी जाणत होती. ती तेथें नव्हती. सभासदांनीं सैरंध्रीची वाखाणणी केली, कीचकास नांवें ठेविलीं, आणि तेवढ्यावर थांबले. कचेरींतील उपाहाराच्या वेळीं जें होतें तें हेंच.

आतां कंकाकडे वळूं. कंकाच्या मौनाला कारण आहे, व तें हलकें नाहीं. ओळख पटली तर पुनः बारा वर्षें वनवास, आणि तोहि एकट्याला नव्हे. बल्लव दांत खाऊं लागतांच सरपणाचा विषय काढून कंक त्याला संकेतानें आवरतो, हें धोरणच आहे. आमच्या हर्ण्याच्या स्नेह्यांपाशीं एवढें मोठें कारण नाहीं. पण लहान लहान कारणें आहेत. तो मनुष्य सोयऱ्यांतला आहे, नोकरी कायमची नाहीं, आणि गांव एवढेंसें कीं कागद दापोलीस पोंचण्यापूर्वीं त्याची बातमी बंदरावर पोंचावयाची. मिळवत्या माणसाच्या अशा कारणांना भ्याडपणा म्हणून मोकळें होणें सोपें आहे. विशेषतः ज्यांचें कांहीं जाणार नाहीं त्यांना. म्हणून कंकाच्या मौनावर आम्हीं दोष ठेवीत नाहीं. दोष आहे तो त्यानें मौन मोडून जें म्हटलें त्यावर. तो सैरंध्रीला सांगतो कीं, तूं येथून राणीकडे जा. तुला वेळ कळत नाहीं. नटीसारखी रडून तूं सभेंतल्या द्यूतांत विघ्न आणीत आहेस.

यावर असें म्हणतां येईल कीं हे शब्द सांकेतिक आहेत, आणि ‘वेळ आलेली नाहीं’ हें त्यांतलें मर्म तिला कळलें. कळलें असेल. परंतु सभेंतल्या इतरांना संकेत ठाऊक नव्हता. त्यांनीं ऐकलें तें इतकेंच कीं, राजाच्या विश्वासांतील एका वृद्ध, शांत, विद्वान ब्राह्मणानें रडणाऱ्या दासीला गप्प केलें. आणि कीचकानेंहि तेंच ऐकलें. दुसऱ्या दिवशीं तो सैरंध्रीपाशीं बढाई मारतो कीं, राजासमोर तुला लाथ मारली तरी तुला कोणी वांचवूं शकलें नाहीं. राजा नांवाचा, खरा राजा मीच. ही मग्रूरी विराटाच्या एकट्याच्या दुबळेपणांतून आलेली नाहीं. आपला धोका टाळण्यासाठीं गप्प बसणें निराळें, आणि आपल्या गप्प बसण्याला साजेसें व्हावें म्हणून तिचें रडणें बेतालपणाचें ठरविणें निराळें. कचेरींतील सभ्य माणसें बहुधा पहिल्या गोष्टीपासून सुरुवात करतात आणि नकळत दुसरीवर येऊन ठेपतात: ‘तिनेंहि जरा संभाळून राहावयास हवें होतें.’

खाडिलकरांनीं कंकभट आणि बल्लव यांना दोन पक्षांचे पुतळे केले, आणि त्यामुळें प्रेक्षकांपुढें दोनच वाटा उरल्या: सोसणें किंवा मारणें. १९०७ च्या राजकारणाला तें पुरेसें होतें. एका चाकरी करणाऱ्या बाईच्या गाऱ्हाण्याला मात्र तें पुरत नाहीं. कारण तिच्या सोबत्यांपैकीं फारच थोड्यांच्या अंगीं बल्लवाचें बळ असतें, आणि ज्यांच्या अंगीं असतें त्यांनींहि तें वापरूं नये असा आजचा कायदा आहे. वधाची गोडी आपल्या लोकांना फार. बाबुराव पेंटरांनीं १९२० सालीं कोल्हापुरास ‘सैरंध्री’ चित्रपट काढला त्याची आठवण सांगतात ती वधाच्या दृश्याची. १९३३ सालीं ‘प्रभात’नें त्याच कथेवर पुनः चित्रपट काढला. वध पाहिला कीं प्रेक्षक समाधानानें घरीं जातो. सभेंत आपणहि बसलों होतों, हें त्याला आठवावयाचें राहून जातें.

आपल्या वाङ्मयांत या सभेची आठवण करून देणारें दुसरें पुस्तक सांगावयाचें तर तें त्याच १९३३ सालचें ‘कळ्यांचे निःश्वास’. शिकलेल्या, मिळवत्या, अविवाहित मुलींची कोंडी त्यांत उघड झाली, आणि महाराष्ट्रांत गहजब उडाला. पण त्या गहजबांत सर्वांत मोठा प्रश्न कोणता होता? लिहिलेलें खरें आहे काय, हा नव्हता. ही विभावरी शिरूरकर कोण, हा होता. टोपणनांवामागें बाळूताई खरे, म्हणजे पुढें मालतीबाई बेडेकर, होत्या हें नंतर सर्वांस कळलें. त्यांचें शिक्षण झालें तें कर्व्यांच्या हिंगण्याच्या संस्थेंत; आणि कर्वे हे हर्ण्याच्या शेजारच्या मुरूड गांवचे, ज्या गांवानें १८९३ सालीं त्यांनीं विधवेशीं विवाह केल्यावर त्यांना बहिष्कृत केलें. हा धागा उगाच ओढून आणलेला वाटेल, पण तसा तो नाहीं. सांगणाऱ्याचें कुळ आधीं शोधावयाचें आणि सांगितलेलें मागाहून तपासावयाचें, किंवा तपासावयाचेंच नाहीं, ही संवय जुनी व सार्वत्रिक आहे. तक्रार अर्ज देणारीला पहिल्या दिवशीं भेटते ती हीच.

भाषेंतहि या संवयीच्या खुणा आहेत. दुसऱ्याचें वर्तन तिसऱ्यास कळविणें, याला आपल्याकडे शब्द किती! चहाडी, चुगली, कागाळी, लावालावी. शाळेंत पहिल्या इयत्तेपासून मुलाला शिकविलें जातें कीं ‘चहाडखोर’ होऊं नये. तें योग्यच आहे. परंतु कोंकणानें या सगळ्यांच्या शेजारीं एक निराळा शब्द जपून ठेवला आहे, तो म्हणजे गाऱ्हाणें. ग्रामदेवतेपुढें, शिमग्यांत पालखीपुढें, गांवचा मानकरी चारचौघांत उभा राहून मोठ्यानें गाऱ्हाणें घालतो. काय दुखतें, कोणाचें दुखतें, तें देवाचें नांव घेऊन सांगतो, आणि जमलेले लोक त्याला होकार देतात. घालणाऱ्याला त्यांत कमीपणा नाहीं; उलट तो मान आहे. चहाडी आणि गाऱ्हाणें यांतला भेद विषयाचा नाहीं. चहाडीला सांगणाऱ्याचें नांव नसतें, तिला ऐकणारा खासगी असतो, आणि तिच्यांतून सांगणाऱ्याचा कांहींतरी लाभ व्हावयाचा असतो. गाऱ्हाण्याला नांव असतें, ठिकाण असतें, आणि ऐकणाऱ्यावर उत्तर देण्याचें बंधन असतें. मूळ कथेंत सैरंध्रीनें घातलें तें गाऱ्हाणें होतें. तिला होकार देणारा कोणी निघाला नाहीं.

ऐकणाऱ्यावर बंधन असावें याची तजवीज आपल्या देशांत फार उशिरां झाली. राजस्थानांतील भंवरीदेवी या साथिणीवर १९९२ सालीं, बालविवाह थांबविण्याचें आपलें काम केल्याबद्दल, अत्याचार झाला. त्यांतून उभ्या राहिलेल्या विशाखा खटल्याचा निकाल सर्वोच्च न्यायालयानें १३ ऑगस्ट १९९७ रोजीं दिला. आणि कायदा अमलांत आला तो ९ डिसेंबर २०१३ रोजीं. त्यानुसार दहा किंवा अधिक माणसें असलेल्या कचेरींत अंतर्गत समिति असावी लागते. तिची प्रमुख वरिष्ठ स्त्री, निम्म्याहून कमी नाहींत इतक्या स्त्रिया, आणि एक सभासद बाहेरचा. जेथें दहांहून कमी माणसें आहेत, किंवा तक्रार खुद्द मालकाविरुद्ध आहे, तेथें जिल्ह्याची स्थानिक समिति. हर्ण्यासारख्या ठिकाणीं हें दुसरें कलमच अधिक कामाचें. रत्नागिरीपर्यंत जावें लागूं नये म्हणून तालुक्यास एक अधिकारी नेमावयाचा असतो, आणि त्यानें आलेली तक्रार सात दिवसांत समितीकडे पाठवावयाची असते. तक्रार घटनेपासून तीन महिन्यांत, कारण पटल्यास आणखी तीन महिन्यांत, लेखी द्यावयाची. चौकशी नव्वद दिवसांत पुरी व्हावयाची. घरकाम करणारी बाईहि या कायद्यांत येते. म्हणजे सुदेष्णेची वेणीफणी करणारी सैरंध्री आज असती तर तीहि आली असती.

आमच्या स्नेह्यांस ज्या गोष्टीचें सर्वांत नवल वाटलें ती त्या कायद्याच्या नियमांत आहे. पीडित स्त्री स्वतः तक्रार देऊं शकत नसेल तर घटनेची माहिती असलेला मनुष्य ती देऊं शकतो, मग तो सोबतचा नोकर कां असेना. मात्र तिची लेखी संमति हवी. या संमतीच्या अटीवर कांहींजण नाक मुरडतात. आम्हांस ती सर्वांत शहाणपणाची वाटते. संमतीवांचून परस्पर कळविणारा सोबती भल्या हेतूनें कां होईना, तिच्या हातांत पुनः एक झांकलेलें भांडें देतो आणि तिनें न निवडलेल्या दारीं तिला पाठवितो. बल्लवाची एक गोष्ट येथें ध्यानांत घ्यावी. तो रागीट आहे, उतावळा आहे, पण सैरंध्री रात्रीं पाकशाळेंत येऊन बोलेपर्यंत तो हात उचलीत नाहीं. आणि ती बोलूं लागल्यावर तो सगळें ऐकून घेतो. विराटपर्वांतलें तिचें सर्वांत लांब भाषण राजसभेंतलें नाहीं. तें या सोबत्यापुढचें आहे.

आणि ती ‘नको’ म्हणाली तर? येथें कायद्याचें पुस्तक मिटतें आणि प्रश्न कठीण होतो. नको म्हणण्याचीं तिचीं कारणें कंकाच्या कारणांइतकींच खरीं असूं शकतील: आईबाप नोकरी सोडावयास लावतील, ठरत आलेलें लग्न मोडेल. आमच्या मतें अशा वेळीं सोबत्याचें काम संपत नाहीं, फक्त लहान होतें. पाहिलेलें तारीखवार लिहून ठेवावें. ऐकलेलें त्यांत मिसळूं नये. दप्तराच्या खोलीकडे तिला कोणी धाडीत असेल तर ‘मी जातों’ म्हणावें. त्या गृहस्थाच्या विनोदाला हसूं नये; हें वाटतें त्याहून अवघड आहे. आणि उद्यां ती बोलली तर आपण साक्षीस उभे राहूं, हें तिला आजच सांगून ठेवावें. पुष्कळदां ती बोलत नाहीं याचें कारण एवढेंच असतें कीं कोणी पाहिलें आहे हेंच तिला माहीत नसतें. खोट्या तक्रारीचें भय दाखविणारे लोकहि पुष्कळ आहेत. जाणूनबुजून केलेल्या खोट्या तक्रारीला कायद्यांत शिक्षा आहे. पण पुरावा देतां आला नाहीं एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाहीं, असेंहि तेथेंच लिहिलेलें आहे. हें दुसरें वाक्य मात्र कोणी मोठ्यानें वाचीत नाहीं.

विराटपर्वाचा या प्रकरणाचा शेवट बहुतेकांस आठवत नाहीं. कीचक मेल्यावर त्याचे भाईबंद सैरंध्रीलाच त्याच्या प्रेताबरोबर जाळावयास निघतात आणि राजाची परवानगी मागतात. त्यांचें बळ ओळखून राजा ती देतो. बल्लव तिला सोडवितो. मग सारें नगर भ्यालेलें, राजाहि भ्यालेला. तो सुदेष्णेस सांगतो कीं, सैरंध्रीला म्हणावें, तुला वाटेल तिकडे जा. स्वतः सांगण्याचें धाडस त्याला होत नाहीं. लाथ मारणारा मेला तरी नोकरी जाते ती लाथ खाणारीची, आणि निरोप येतो तोहि त्याच राणीच्या तोंडून, जिनें तिला भांडें देऊन पाठविलें होतें. सैरंध्री तिच्याकडे आणखी तेरा दिवसांची मुदत मागते.